मोटारसायकलची दंतचक्रपेटी

मोटारसायकलच्या एंजिनात निर्माण होणारी शक्ती मागील चाकाकडे नेताना चाकाची गती व त्यावर पडणारा पीळ यांचे गुणोत्तर गरजेनुसार बदलणाऱ्या यंत्रणेस दंतचक्रपेटी म्हणतात. बोलभाषेत व कारखान्यांतून ‘गिअर बॉक्स’ हेच नाव रूढ आहे. एंजिन, क्लच, दंतचक्रपेटी व शेवटची साखळी (क्वचित पट्टा किंवा दंड) मिळून मोटारसायकलची शक्तिप्रेषण यंत्रणा बनते. या यंत्रणेत सर्वाधिक आघात सोसणारा व तरीही डोळ्यांआड राहणारा भाग म्हणजे दंतचक्रपेटी होय. तिची रचना गेल्या शतकात कशी बदलत गेली आणि त्या बदलांबरोबर तिची दुरुस्ती कोणाच्या आवाक्यात राहिली व कोणाच्या आवाक्याबाहेर गेली, याचा विचार प्रस्तुत नोंदीत केला आहे.

दंतचक्रपेटीची आवश्यकता एका साध्या हिशोबावरून लक्षात येते. मध्यम आकाराच्या मोटारसायकलच्या मागील चाकाचा परीघ सु. २ मी. असतो. ताशी ६० किमी. वेगाने जाताना ते चाक मिनिटाला ५०० फेरे घेते. एंजिन व चाक यांतील गुणोत्तर ६ : १ ठेवल्यास त्या वेळी एंजिन मिनिटाला ३,००० फेऱ्यांनी चालते व हा वेग त्यास सोयीचा असतो. मात्र तीच गाडी ताशी ६ किमी. म्हणजे माणसाच्या चालीने जाऊ लागली, तर एंजिनाचे फेरे ३०० वर येतात. इतक्या मंद गतीस बहुतेक एंजिने बंद पडतात आणि चालू राहिलीच तरी चढावर ओझे ओढण्याइतका पीळ त्यांच्यापाशी नसतो. एकूण गुणोत्तर १८ : १ केले, तर त्याच चालीस एंजिन ९०० फेऱ्यांनी फिरते व चाकावरील पीळ तिप्पट होतो. वाफेच्या एंजिनास ही अडचण नसते, कारण ते स्थिर अवस्थेतूनही पूर्ण जोर लावू शकते. अंतर्ज्वलन एंजिनाचा हा जन्मजात उणेपणा भरून काढण्यासाठी दंतचक्रपेटी अस्तित्वात आली.

आरंभीचे प्रयत्न : गॉटलीप डाइमलर व व्हिल्हेल्म मायबाख या जर्मन अभियंत्यांनी १८८५ मध्ये बनविलेल्या लाकडी चौकटीच्या दुचाकीत २६४ घ.सेंमी. क्षमतेचे व सु. अर्ध्या अश्वशक्तीचे एंजिन होते. त्यात दोन आकारांच्या कप्प्या बसविल्या होत्या, परंतु गती बदलण्यासाठी गाडी थांबवून चामडी पट्टा एका कप्पीवरून दुसरीवर चढवावा लागे. गुणोत्तर बदलण्याची कल्पना अशा रीतीने मोटारसायकलच्या जन्माबरोबरच आली, तथापि पुढील २० वर्षे ती मागे पडली. १८९४ मध्ये म्यूनिक येथे हिल्डेब्रांट व व्होल्फम्यूलर यांनी विक्रीसाठी तयार केलेल्या मोटारसायकलीत तर गुणोत्तर मुळीच नव्हते. रेल्वे एंजिनाप्रमाणे तिचे संयोगदंड सरळ मागील चाकाच्या आसाला जोडलेले होते आणि भरीव मागचे चाकच एंजिनाचे प्रचक्र म्हणून काम करी. चाक एकदा फिरले की दट्ट्याची एक ये-जा, असा रोखठोक व्यवहार असल्याने या यंत्रास जवळजवळ १,५०० घ.सेंमी.चे एंजिन घालूनही चढ सोसत नसे.

१९०० नंतरच्या दशकात एंजिनाच्या कप्पीवरून थेट मागील चाकाच्या मोठ्या कप्पीकडे जाणारा पाचरीच्या छेदाचा चामडी पट्टा हीच सर्वमान्य रचना होती. क्लच नाही व गती एकच, त्यामुळे गाडी ढकलत धावायचे, एंजिन पेटले की उडी मारून बसायचे व चढ आला की सायकलीसारखे पायटे मारून एंजिनास हातभार लावायचा, अशी त्या काळच्या स्वाराची दिनचर्या असे. यात दुरुस्ती मात्र अगदी सोपी होती. पावसात पट्टा घसरे, ताणला जाई, मधूनच तुटे. स्वार खिशात चाकू, आरी व पट्टा जोडण्याचा आकडा बाळगून असे आणि पट्ट्याचा तुकडा कापून रस्त्याच्या कडेलाच पाऊण तासात काम उरकी. शक्तिप्रेषणाची संपूर्ण दुरुस्ती स्वाराच्या स्वतःच्या हाती असण्याचा हा काळ पुन्हा आला नाही.

बदलाची निकड दोन कारणांनी भासू लागली. पहिले कारण म्हणजे बाजूगाडी. पत्नीला किंवा मालाला बरोबर नेण्यासाठी तिसऱ्या चाकाची जोड देताच एका गतीची गाडी हतबल होई. दुसरे कारण शर्यतींचे. आयरिश समुद्रातील मॅन बेटावर १९०७ पासून भरणाऱ्या ‘टूरिस्ट ट्रॉफी’ शर्यतींत पहिल्या वर्षी पायट्यांना मुभा होती, ती पुढच्याच वर्षी काढून घेण्यात आली. १९११ मध्ये संयोजकांनी शर्यत स्नेफेल पर्वताच्या खांद्यावरून जाणाऱ्या सु. ६० किमी. लांबीच्या मार्गावर नेली. या मार्गावर रस्ता समुद्रसपाटीपासून सु. ४२० मी. उंचीपर्यंत चढतो. बदलत्या गुणोत्तरांच्या विकासास चालना मिळावी, हाच या बदलामागील हेतू होता व तो लगेच साध्य झाला. त्या वर्षी मोठ्या गटात पहिले तीनही क्रमांक अमेरिकन ‘इंडियन’ मोटारसायकलींनी पटकावले. त्यांत दोन गतींची दंतचक्रपेटी, क्लच व सर्व टप्प्यांवर साखळी होती. ब्रिटिश कारखानदारांना हा पराभव झोंबला.

तत्पूर्वीही ब्रिटनमध्ये काही उपाय निघाले होते. यॉर्कशरमधील आल्फ्रेड अँगस स्कॉट यांनी १९०८ मध्ये आणलेल्या जलशीतित, द्विधाव एंजिनाच्या मोटारसायकलीत वेगवेगळ्या गुणोत्तरांच्या दोन साखळ्या सतत फिरत असत व पायाने तरफ दाबून त्यांपैकी एकीस मागील साखळीशी जोडता येई. दाते एकमेकांवर आदळण्याचा प्रश्नच नसल्याने ही योजना टिकाऊ ठरली. १९१२ व १९१३ या लागोपाठ दोन वर्षी स्कॉट गाडीने मॅन बेटावरील मोठ्या गटाची शर्यत जिंकली. दुसरा पंथ पट्ट्याशी निष्ठा राखणाऱ्यांचा होता. ‘झेनिथ’ कंपनीच्या फ्रेडी बार्न्स यांनी एंजिनावरील कप्पीच्या दोन तबकड्या जवळ किंवा दूर करण्याची व त्याच वेळी पट्टा ताठ राहावा म्हणून मागील चाक पुढे-मागे सरकविण्याची युक्ती काढली. टाकीवरील हँडल गरागरा फिरवून गुणोत्तर बदलणारी ही गाडी चढाच्या स्पर्धा इतक्या सहज जिंकू लागली की, अनेक मंडळांनी तिला मनाई केली. कंपनीने त्या मनाईचीच जाहिरात केली. ‘रज मल्टी’ या गाडीत पुढची व मागची कप्पी एकाच वेळी उलटसुलट रुंदावत असे व तरफेस वीस खाचा होत्या. सिरिल पुलिन यांनी १९१४ ची शर्यत याच गाडीवर जिंकली. पुढे ही कल्पना अडगळीत गेली असे वाटत असतानाच सत्तर वर्षांनी ती स्कूटरमधून परतली. तिचा उल्लेख पुढे येईल.

पेटीचा स्वीकार : पहिल्या महायुद्धाने वादाचा निकाल लावला. चिखलाने माखलेल्या आघाडीवर निरोप पोहोचविणाऱ्या स्वारास उडी मारून गाडी सुरू करणे परवडण्यासारखे नव्हते. १९१५ मधील ट्रायम्फ कंपनीच्या ‘मॉडेल एच’ या ५५० घ.सेंमी. गाडीत नॉटिंगहॅमच्या स्टर्मी-आर्चर कारखान्याची तीन गतींची पेटी, क्लच व पायाने मारण्याची कळ होती. पायटे कायमचे गेले. मित्रराष्ट्रांच्या सैन्यांना या प्रकारच्या सु. ३०,००० गाड्या पुरविल्या गेल्या. तरीही पेटीपासून चाकापर्यंतचा पट्टा त्यात तसाच होता. अमेरिकेत हार्ली-डेव्हिडसन कंपनीने त्याच वर्षी तीन गतींची पेटी आणली.

युद्धानंतर पेटीची जी रचना स्थिरावली तीच तत्त्वतः आजही वापरात आहे. पेटीत दोन दंड समांतर बसविलेले असतात. त्यांवर प्रत्येक गतीसाठी दंतचक्रांची एकेक जोडी असते व या सर्व जोड्या एकमेकींत कायम गुंतलेल्या असतात. प्रत्येक जोडीतील एक चक्र आपल्या दंडावर मोकळे फिरते. त्याच्या शेजारी दंडाच्या पन्हाळींवर सरकणारे दुसरे चक्र असते. सरकत्या चक्राच्या कडेचे उंचवटे, ज्यांना कारागीर ‘डॉग’ म्हणतात, मोकळ्या चक्राच्या खोबणीत शिरले की ते चक्र दंडाशी बांधले जाते व ती गती लागते. चक्र सरकविण्याचे काम दोन पायांचा काटा, म्हणजे फोर्क, करतो. काट्याची खुंटी एका दंडगोलावरील नागमोडी खाचेत अडकलेली असते आणि पायाची तरफ दाबली की हा दंडगोल ठराविक अंशांतून फिरतो. मोटारगाडीच्या पेटीत वेग जुळवून घेणाऱ्या शंकूसारख्या कड्या असतात, तशा येथे नसतात. फिरती चक्रे हलकी असल्याने उंचवटे सरळ खोबणीत ठोकले जातात. गती बदलताना होणारा ‘खट्ट’ आवाज हा त्या ठोक्याचा आवाज होय. पेटीची बहुतेक दुखणी याच ठिकाणी सुरू होतात.

पायाने गती बदलण्याची पद्धत मात्र उशिरा आली. १९२० नंतरच्या दशकात टाकीच्या कडेला असलेली तरफ हाताने हलवावी लागे, म्हणजे ऐन वळणावर स्वाराचा एक हात सुकाणूवरून सुटे. व्हेलोसेट कंपनीचे अभियंते हॅरल्ड विलिस यांनी १९२८ च्या सुमारास एक खटकायंत्रणा बसविली. तरफ दर वेळी मूळ जागी परते व एका दाबात नेमकी एकच गती बदले. त्या वर्षी मॅन बेटावरील लहान गटाची शर्यत ॲलेक बेनेट यांनी व्हेलोसेटवर जिंकली आणि काही वर्षांतच सर्व ब्रिटिश कारखाने या पद्धतीकडे वळले. हार्ली-डेव्हिडसनने ती १९५२ मध्ये स्वीकारली. जगातील प्रत्येक मोटारसायकलस्वाराचा डावा पाय आज जी हालचाल नकळत करतो, तिचा उगम येथे आहे. अर्थात तो पाय तेव्हा उजवा होता. ब्रिटिश गाड्यांची तरफ उजवीकडे असे व जपानी गाड्यांची डावीकडे. अमेरिकेच्या संघीय सुरक्षा नियमानुसार सप्टेंबर १९७४ पासून तेथे विकल्या जाणाऱ्या गाड्यांची तरफ डावीकडे असणे सक्तीचे झाले. ब्रिटिश कारखान्यांना त्यासाठी जुन्या पेट्यांतून आडवे दंड ओवून उजवीकडची हालचाल डावीकडे न्यावी लागली. त्यामुळे तरफेत शिरलेला ढिलेपणा त्या गाड्यांच्या मालकांना कायमचा सोसावा लागला.

सुटी पेटी व एकसंध एंजिन : दुरुस्तीच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा फरक पेटी एंजिनापासून वेगळी आहे की एकाच ओतीव कवचात आहे, हा होय. ब्रिटनमध्ये अनेक मोटारसायकल कारखाने स्वतः पेटी बनवीत नसत. ते बर्मिंगहॅमच्या बर्मन किंवा ॲल्बियन अशा कंपन्यांकडून ती विकत घेत व एंजिनामागे चौकटीत बोल्टांनी आवळत. प्राथमिक साखळी सैल झाली की पेटीच मागे ओढून ती ताणली जाई. मग मागची साखळी सैल होई, म्हणून चाक मागे घ्यावे लागे आणि शेवटी गतीची तरफ पुन्हा जुळवावी लागे. हा द्राविडी प्राणायाम कंटाळवाणा असला, तरी या रचनेचा मोठा फायदा असा की एंजिनास धक्का न लावता पेटी उतरवून बाकावर घेता येई. एका कंपनीची पेटी दुसऱ्या कंपनीच्या गाडीत बसविणेही अशक्य नव्हते.

याउलट इटलीतील मोटो गुत्झी (१९२१) व जर्मनीतील बी. एम. डब्ल्यू. (१९२३) यांनी आरंभापासून पेटी एंजिनाशी एकजीव केली. साखळीचा ताण, तेलगळती व वजन तिन्ही कमी होत असल्याने अभियांत्रिकीच्या कसोटीवर ही रचना सरस होती, याबद्दल वाद नाही. ट्रायम्फने १९५७ पासून आपल्या लहान व १९६३ पासून ६५० घ.सेंमी. गाड्यांत तिचा अवलंब केला. सुटी पेटी टिकवून धरणाऱ्यांत नॉर्टन कंपनीची ‘कमांडो’ (१९६७–७७) ही गाडी उल्लेखनीय आहे. तिची पेटी १९५६ मध्ये ५०० घ.सेंमी. च्या एकसिलिंडरी गाड्या डोळ्यांपुढे ठेवून तयार झाली होती. ७४५ व पुढे ८२८ घ.सेंमी. एंजिनाचा पीळ तिच्यावर येताच उपदंडाचा एक धारवा वारंवार फुटू लागला. धारवा फुटला की दंड तिरपा होई आणि प्रसंगी धावत्या गाडीचे मागील चाक जखडले जाई. गोळ्यांचा धारवा काढून रुळांचा बसविणे हा यावरील साधा उपाय जगभरच्या कारागिरांनी अंगीकारला. या गाडीच्या जीर्णोद्धारात आजही पहिले काम तेच केले जाते. पेटी सुटी होती म्हणूनच हा दोष मालकांना इतक्या सहज दूर करता आला, हेही नमूद केले पाहिजे.

भारतातील गाड्या : स्वातंत्र्यपूर्व काळात भारतात आलेल्या मोटारसायकली मुख्यतः ब्रिटिश होत्या व दुसऱ्या महायुद्धानंतर लष्कराने विकून टाकलेल्या गाड्यांची त्यांत भर पडली. आयातीवरील निर्बंधांमुळे सुटे भाग दुर्मिळ झाले. अशा वेळी कातकामगाराने कथिल-कांस्याचे बुश कातून देणे, झिजलेल्या उंचवट्यांवर वितळजोडाने भर घालून ते कानशीने घासणे, हे उपाय सर्रास चालत. बुश कातणे योग्यच होते. उंचवट्यांवर भर घालणे मात्र फसवे असे, कारण दंतचक्राचा पृष्ठभाग कठिनीकरणाने कडक व गाभा चिवट ठेवलेला असतो. वितळजोडाच्या आचेने हा समतोल नष्ट होतो व दुरुस्त केलेले चक्र काही महिन्यांत पुन्हा सटकू लागते किंवा त्याचा दात तुटून शेजारच्या सर्व चक्रांचा घास घेतो. पर्याय नव्हता, म्हणून लोकांनी ते केले. त्या कारागिरांच्या कौशल्यास दोष देता येत नाही.

१९५५ मध्ये मद्रास (आताचे चेन्नई) येथे रॉयल एन्फील्ड ‘बुलेट’ गाडीची जुळणी सुरू झाली. तिच्याबरोबर ॲल्बियन पद्धतीची चार गतींची पेटी भारतात आली आणि मूळ ब्रिटिश एन्फील्ड कंपनी १९७० च्या सुमारास बंद पडल्यानंतरही कित्येक वर्षे येथे बनत राहिली. एंजिनाच्या पाठीस चार बोल्टांनी आवळलेली ही पेटी सुटी व एकसंध या दोहोंच्या मधली म्हणता येईल. तिची उजवीकडील झाकणे काढली की एंजिन न उघडता सर्व चक्रे बाहेर येतात. टाचेने दाबण्याची एक वेगळी तरफ वरच्या गतींमधून थेट मोकळ्या स्थितीत नेते. हे तिचे वैशिष्ट्य जुन्या स्वारांना फार प्रिय होते. तेल राखण्याची व्यवस्था कच्ची असल्याने पातळ तेल गळे, म्हणून पेटीत अर्धघन ग्रीज भरण्याची प्रथा पडली. दोन गतींच्या मध्येच खोटी मोकळी स्थिती लागणे ही या पेटीची नेहमीची तक्रार असे. पुष्कळदा तिचे कारण झिजलेली चक्रे नसून खटक्याची पट्टी थोडी सरकलेली असणे, एवढेच असे. बाहेरचे झाकण काढून दोन स्क्रू ढिले करून पट्टी जुळविली की दोष नाहीसा होई. हे ठाऊक नसलेल्या कारागिराकडून मात्र निष्कारण संपूर्ण पेटी उघडली जाई व गिऱ्हाइकास नव्या चक्रांचा भुर्दंड पडे. २००० नंतरच्या दशकात या गाडीस डाव्या तरफेची पाच गतींची पेटी व दशकाच्या अखेरीस एकसंध एंजिन मिळाले.

म्हैसूर येथील आयडियल जावा कारखान्यातील (१९६१–९६) जावा व येझदी या गाड्यांत चेकोस्लोव्हाकियातील मूळ रचना होती. तीत गतीची तरफ दाबताच क्लच आपोआप सुटे आणि तीच तरफ आत दाबून वर फिरविली की किक म्हणून वापरता येई. पुण्याजवळील आकुर्डी येथे बजाज ऑटो कंपनीने प्रथम इटलीतील पियाज्जो कंपनीच्या परवान्याने व १९७२ पासून ‘चेतक’ या स्वतःच्या नावाने बनविलेल्या स्कूटरमध्ये डाव्या हाताची मूठ पिळून तारांच्या साहाय्याने गती बदलत. येथे काटे नव्हते. पोकळ दंडाच्या आत क्रूसाच्या आकाराची एक चावी सरकून चक्रांना आतून धरी. क्रूसाची टोके गोलसर झिजली की गाडी चढावर गती सोडून देई. महाराष्ट्रातील गावोगावच्या दुरुस्तिगृहांत हा भाग बदलणे हे नित्याचे काम होते. पुण्याच्या कायनेटिक कंपनीने १९७२ मध्ये आणलेल्या ‘लूना’ या दुचाकीस गती एकच व वर पायटे होते. चढ आला की स्वार पायटे मारी. १९०५ सालच्या इंग्लंडमधील स्वारास हे दृश्य परिचयाचे वाटले असते.

जपानी प्रभाव : होंडा कंपनीच्या १९५८ मधील ‘सुपर कब’ गाडीने केंद्रोत्सारी क्लच व तीन गती यांची सांगड घालून क्लचची तरफच काढून टाकली. २०१७ पर्यंत या मालिकेतील गाड्यांची संख्या १० कोटींवर गेली. शर्यतींच्या क्षेत्रात जपान्यांनी टोक गाठले. १९६०–७० या दशकात सुझुकीच्या ५० घ.सेंमी. गाडीस चौदा गती होत्या, कारण तिचे एंजिन अत्यंत अरुंद गतिपट्ट्यातच शक्ती देई. आंतरराष्ट्रीय महासंघाने पुढे सहा गतींची मर्यादा घातली.

भारतात १९८४ ते १९८६ या अल्प काळात सुझुकी, यामाहा, होंडा व कावासाकी यांच्या सहकार्याने १०० घ.सेंमी. च्या मोटारसायकली आल्या. त्यांच्या पेट्या अचूक यंत्रणाने बनविलेल्या, हलक्या व दीर्घायुषी होत्या. योग्य तेल वेळेवर बदलले तर त्यांना वर्षानुवर्षे हात लावावा लागत नसे. मात्र त्या उभ्या दुभागलेल्या एंजिन-कवचात बंद होत्या. दहा-वीस रुपयांचा एक काटा बदलायचा झाला, तरी एंजिन चौकटीतून उतरवून शीर्ष, सिलिंडर, क्लच, चुंबकचक्र हे सर्व काढून कवचाचे दोन भाग विलग करावे लागत. त्यासाठी विशिष्ट ओढणी-साधने हवीत. ती नसल्यास छिनी व हातोड्याने कवच फोडले जाई, त्याच्या जोडपृष्ठावर ओरखडे पडत व गाडी जन्मभर तेल गाळी. दुरुस्तीची गरज कमी झाली, पण ती पडली तर मोठी व महाग ठरू लागली. ग्राहकाने हा सौदा आनंदाने पत्करला आणि तो बहुतांशी त्याच्या हिताचाच होता. तथापि झाडाखाली दुकान मांडणाऱ्या कारागिराच्या हातून पेटीचे काम गेले आणि अधिकृत सेवाकेंद्रांतून ‘संपूर्ण संच बदला’ ही वृत्ती वाढली, हेही तितकेच खरे आहे.

दोषनिदान व दुरुस्ती : पेटी उघडण्यापूर्वी दोष खरोखर पेटीतच आहे याची खात्री करणे, यास कारागिराचे अर्धे कौशल्य लागते. गती कठीण लागणे हा बहुधा क्लच पूर्णपणे न सुटण्याचा परिणाम असतो. मोकळ्या स्थितीत येणारा घरघराट क्लच दाबताच थांबला, तर मुख्य दंडाचा धारवा संशयास्पद समजावा. गाडी चालताना ठराविक लयीत येणारा ठोका अनेकदा साखळीच्या एखाद्या आखडलेल्या दुव्याचा असतो. जोर लावताच गती सुटणे हा मात्र पेटीचा खास दोष होय. त्यामागे उंचवट्यांच्या कडा गोलसर होणे, काटा वाकणे किंवा त्याची टोके झिजणे, दंडगोलाच्या खाचा रुंदावणे अथवा नुसती खटक्याची स्प्रिंग मोडणे, यांपैकी कोणतेही कारण असू शकते. शेवटचे कारण सर्वांत स्वस्त असल्याने ते प्रथम तपासावे.

तेल गरम असताना काढून ते पांढऱ्या फडक्यावर गाळल्यास पुष्कळ माहिती मिळते. राखाडी बारीक कीस ही सामान्य झीज होय. चकचकीत कपऱ्या म्हणजे दाताचा किंवा उंचवट्याचा तुकडा आणि पिवळसर कण म्हणजे बुशची झीज समजावी. पेटी उघडल्यावर प्रत्येक दंडावरील चक्रे, पातळ कड्या व सर्कलिप ज्या क्रमाने निघतील त्याच क्रमाने तारेत ओवून ठेवावीत. अर्धा मिलिमीटर जाडीची एक कडी चुकीच्या जागी गेली, तर नवे चक्रही पूर्ण खोलवर गुंतत नाही. काट्याच्या टोकाची जाडी व चक्राच्या खोबणीतील फट पट्टीमापकाने मोजावी. निळसर पडलेला काटा म्हणजे स्वार पाय तरफेवर ठेवून गाडी चालवितो याची खूण होय व असा काटा नेहमी बदलावा. उंचवट्यांच्या बाजू काही अंशांनी आतल्या अंगास कललेल्या असतात, त्यामुळे जोर येताच ते एकमेकांना ओढून धरतात. हा कल नाहीसा झाला की ते एकमेकांना ढकलू लागतात. दंतचक्र बदलताना जोडीतील दोन्ही चक्रे बदलावीत, कारण झिजलेल्या दातांशी नवे दात जुळत नाहीत व आवाज वाढतो.

ॲल्युमिनियमच्या कवचात धारवा ठोकून बसविणे ही सर्रास होणारी चूक आहे. कवच सु. १००° से. पर्यंत तापविल्यास धारवा हाताच्या दाबाने आत जातो. बाहेर काढतानाही हीच रीत वापरावी. सर्कलिप एकदा काढली की पुन्हा वापरू नये व बसविताना तिची धारदार बाजू भाराच्या विरुद्ध दिशेस, म्हणजे चक्रापासून दूर ठेवावी. कवच बंद करण्यापूर्वी दंड हाताने फिरवीत सर्व गती क्रमाने लावून पाहाव्यात. हा दहा मिनिटांचा उपचार टाळल्यामुळे दोन दिवसांचे काम पुन्हा करावे लागल्याची उदाहरणे प्रत्येक दुरुस्तिगृहात आढळतात. संपूर्ण पेटी बदलताना बाह्य आकार सारखा असला, तरी आतील गुणोत्तरे व पुढील साखळीचक्राच्या दातांची संख्या पडताळावी. ती न जुळल्यास वेगमापकाचे आकडे खोटे ठरतात आणि एंजिन विनाकारण रखडते वा घोंघावते.

अलीकडील बदल : जुन्या रुंदावणाऱ्या कप्प्यांची कल्पना रबरी पट्ट्याच्या रूपाने स्कूटरमध्ये परतली. १९८४ मध्ये स्थापन झालेल्या कायनेटिक होंडा कंपनीच्या स्कूटरने ती भारतात रुजविली आणि पुढे देशातील बहुतेक स्कूटर या पद्धतीच्या झाल्या. त्यांत काटे वा उंचवटे नसतात. केंद्रोत्सारी रूळ व पट्टा ठराविक अंतरानंतर बदलणे, एवढीच दुरुस्ती असते. मोठ्या मोटारसायकलींत होंडा कंपनीने २०१० च्या प्रतिमानापासून विषम व सम गतींसाठी दोन वेगळे क्लच असलेली स्वयंचलित पेटी आणली. विजेवर चालणाऱ्या दुचाकींत शून्य गतीपासून पूर्ण पीळ देणारी चलित्रे असल्याने बहुधा एकाच स्थिर गुणोत्तराची लहान पेटी पुरते. बजाज ऑटो कंपनीच्या २०२० पासून विकल्या जाऊ लागलेल्या विद्युत् ‘चेतक’मध्ये हीच रचना आहे. अपवाद म्हणून २०२३ मध्ये अहमदाबादच्या एका कंपनीने चार गतींची, क्लच असलेली विद्युत् मोटारसायकल सादर केली. या वाहनांच्या पेटीतील दंतचक्रे थोडी असली, तरी चलित्राचा पीळ त्यांवर एकाएकी येत असल्याने दातांच्या पृष्ठाचे कठिनीकरण व तेलाची प्रत यांबाबतचे नियम पूर्वीपेक्षा कडक ठेवावे लागतात.